माहीत असलेली गोष्ट

ब्रह्मपुरीच्या बाजारात, भाजीच्या दुकानांमधून वाट काढत चालला असताना, गुणवंताने आपल्या सिनेमातल्या खुन्याचं नाव ऐकलं. कुणी कानात कुजबुजलं नव्हतं. रंगीत कागद चिकटवलेल्या रेंगीत एक माणूस उभा होता आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून साऱ्या बाजाराला ओरडून सांगत होता, ‘‘या हो या! आज दिवे लागले का मंडईच्या मैदानावर, नूरभाईच्या तंबूत, ‘मागलं दार’! सख्खा मामा भाचीच्या जिवावर कसा उठते, पाहून घ्या! भाच्याले मारलं, आता भाचीले माराले येते! मामाच खुनी हाये हो, मामाच!’’ रेंगीचे बैल खाली पडलेला कोबीचा पाला शांतपणे चघळत होते. वांगी विकणाऱ्या एका बाईने मान वर केली, शेजारणीला ‘‘मामा होय?’’ म्हणाली आणि पुन्हा तराजू धरला. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा गुणवंताच्या साऱ्या अंगाला हिसका बसला. हातातली बॅग त्याने खाली ठेवली. मग कुणी तरी ‘‘भाऊ, सरका नं,’’ म्हणालं म्हणून उचलली.

बारा रिळांच्या त्या सिनेमात त्याने मामाला साडेअकरा रिळं लपवून ठेवलं होतं. आयुष्याची कितीतरी वर्षं त्या लपवण्यात गेली होती. पुण्यात लागला तेव्हा जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘शेवट कोणालाही सांगू नये, ही विनंती.’ पुणेकरांनी ती विनंती तंतोतंत पाळली, कारण शेवटापर्यंत बसणारे फार थोडे निघाले. दुसऱ्या आठवड्यात चित्र उतरलं. मुंबईत तर त्याचीही वेळ आली नाही. एका वर्तमानपत्राने जिन्यावरच्या सावलीचं कौतुक केलं आणि पुढच्याच ओळीत लिहिलं की ही सावली नाना तेंडोलकरांची आहे, गुणवंत दोनाडकर त्या सावलीत उभे आहेत. ते वाक्य गुणवंताच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं हे त्याला अधिक लागत होतं. नागपूरचं कॉलेज सोडून तो पुण्याला पळाला तो नानांसाठीच. आधी नानांची खुर्ची उचलली, मग पाटी धरली, मग सहायक म्हणून त्यांच्या मागे सावलीसारखा फिरला. मूकपटापासूनचा तो म्हातारा दिग्दर्शक रिकामा जिना दाखवायचा आणि थिएटरातली माणसं खुर्चीच्या कडेला येऊन बसायची. आपोआप हलणारा पाळणा, हळूच फिरणारी दाराची मूठ, माणसाच्या आधी भिंतीवर येणारी सावली, हे सगळं गुणवंताने डोळ्यांनी पिऊन घेतलं होतं. नाना गेले, आणि स्वतःचं पहिलं चित्र करायची संधी आली तेव्हा त्याने ते सारं त्यांच्या पायाशी वाहिलं. पहिल्या पाटीवरच तसं लिहिलं. नाना दम्याने धापा टाकत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, ‘‘प्रेक्षकाला घाबरवू नकोस रे. त्याला काळजी करायला लाव.’’ गुणवंत दर वेळी ‘हो नाना’ म्हणायचा. म्हाताऱ्या माणसांची अशी काही आवडती वाक्यं असतात, असं त्याला वाटायचं.

आता ‘मागलं दार’ची एवढी एकच प्रत उरली होती. बाकीच्या भंगारात गेल्या. वितरकाच्या माणसाने त्याला हे खुर्चीवरून न उठता सांगितलं होतं. फिल्म धुऊन चांदी काढतात, उरलेल्या पट्ट्या बांगड्यांच्या कारखान्यात जातात. ही प्रत दिवाळीनंतरच्या मंडयांसाठी, म्हणजे तिकडच्या जत्रांसाठी, चांदा जिल्ह्यातल्या एका फिरत्या तंबूवाल्याने मागितली आहे म्हणून राहिली. पहिल्या दोन खेळांत चालली तर तो हंगामभर ठेवील, आरमोरी, कुरखेडा असं गावोगाव फिरवील. नाही चालली तर ब्रह्मपुरीच्या स्टेशनावरून पेट्या परत, आणि मग बांगड्या. ‘‘तुमच्याच भागात चाललीय, दोनाडकर,’’ वितरकाचा माणूस हसून म्हणाला होता. गुणवंत त्याच रात्री गाडीत बसला आणि नागपूरला उतरून छोट्या लायनीच्या डब्यात शिरला. आपल्या चित्राची बाईच्या हातातली बांगडी होऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. ते कसं करायचं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आणि आता इथे, उतरल्याबरोबर, एका माणसाने भोंगा लावून साडेअकरा रिळं जाळून टाकली होती.

तो तरातरा मैदानाकडे गेला. मंडईचे पाळणे उभे राहात होते, जिलेबीच्या भट्ट्या पेटत होत्या, आणि कडेला ठिगळांचा मोठा तंबू वाऱ्याने फुगत होता. तंबूचा मालक नूर मोहम्मद इंजिनाखाली वाकून तेलाने हात काळे करत होता. उंच, वाकलेला, कायम कसल्या तरी चिंतेत असलेला माणूस. गुणवंताने आपलं नाव सांगितलं तेव्हा त्याने हात पुसले आणि एकदम लाकडी खुर्ची पुढे केली. ‘‘आप खुद आले, साहेब? खबर द्याची होती, स्टेशनवर गाडी पाठवली असती.’’ तेवढ्यात रेंगी परत आली. भोंगेवाला खाली उतरला. लटारू त्याचं नाव. दंडारीत, गावच्या नाच-नाटकात, राण्यांची सोंगं करायचा म्हणून केस मानेपर्यंत वाढवलेले, आणि ओरडून ओरडून आवाज बसलेला.

‘‘तुम्ही खुनी कोण ते सांगून टाकलंत!’’ गुणवंत ओरडला.

‘‘सांगाच लागते नं, भाऊ,’’ लटारू म्हणाला. त्याला या ओरडण्याचं कारणच समजलं नव्हतं. ‘‘गोष्ट माहीत नाई तं माणूस काऊन येईल? बायका-लेकरं घेऊन, रेंगी जुंपून, दोन गावं ओलांडून अनोळखी गोष्ट पाहाले कोण येते? आमच्या दंडारीत पहिले उभं राहूनच सांगतो, आज कोण मरते न् कोण मारते. मंग लोक बसतेत.’’

‘‘सच बात हाये, साहेब,’’ नूर मोहम्मद खाली पाहात म्हणाला. ‘‘मागच्या साली असाच एक जासूसी पिक्चर आणला होता. मीनंच म्हटलं, नोको सांगू. तंबू खाली! लोक म्हणे, काय हाये थे माहीत नाई, तं जाऊन काय कराचं?’’

‘‘आणि तो वाघ? येताना ऐकलं मी. वाघ कुठे आहे चित्रात?’’

‘‘वाघ नाई?’’ लटारूचा चेहरा खरोखर पडला. ‘‘मीनं तं सांगून ठेवलं. खिडकीतून येते म्हणून.’’

गुणवंताला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याने नूर मोहम्मदला निदान रिळांच्या मध्ये तरी काही सांगू देऊ नका म्हटलं. तंबूत यंत्र एकच होतं, एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत गॅसबत्ती लागायची, आणि त्या वेळात लटारू पेटीवर उभा राहून पुढच्या रिळात काय होणार ते सांगायचा, अशी इथली रीत. नूर मोहम्मदने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्या मानेलाच माहीत.

संध्याकाळी तंबू भरला. दोरीच्या या बाजूला पुरुष, त्या बाजूला बायका, खाली तणसीचा, धानाच्या पेंढ्याचा थर, आणि सगळ्यांच्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा. गुणवंत मागे, यंत्राच्या पत्र्याच्या खोलीला पाठ टेकून उभा राहिला. इंजिन धडधडू लागलं, पडद्यावर नानांच्या चरणीची पाटी आली आणि गेली. मग त्याचा जिना आला. तो जिना घ्यायला त्याने एक अख्खी रात्र घालवली होती. पुण्याला याच जागी टाळी पडली होती. सावली एक एक पायरी चढते, माणूस दिसत नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ थांबतं. गुणवंताच्या पुढे बसलेला माणूस शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, ‘‘तुह्या त्या लंगड्या बैलाचं काय झालं मंग?’’ शेजाऱ्याने बैलाचं सांगितलं. सावली वर पोचली तरी बैल संपला नव्हता. मग संशयी नोकर आला, खिडकीतून डोकावणारा भाडेकरू आला, गुणवंताने मोठ्या चतुराईने पेरलेले खोटे खुनी एकामागून एक येऊन गेले, आणि तंबूत शेंगा फुटण्याचा आवाज वाढत गेला. पोरं रडायला लागली. ‘‘मामा कुठी हाये?’’ कोणी तरी ओरडलं. गुणवंताला वाटलं, उठावं, इंजिन बंद करावं, पेट्या गोळा कराव्या आणि चालू पडावं.

आणि मग मामा आला. हातात पेढ्यांचा पुडा, तोंडभर हसू. इंदू, ती चित्रातली भाची, धावत जाऊन मागच्या दाराची कडी काढते आणि त्याच्या पाया पडते. पुण्यात या प्रसंगाकडे कुणी लक्षही दिलं नव्हतं. मामा लोकांना आवडावा, एवढ्यासाठीच तर तो प्रसंग होता. इथे साऱ्या तंबूतल्या शेंगा एकदम थांबल्या. गुणवंताला आधी समजेना की काय झालं. इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मामाने पेढा काढून इंदूच्या तोंडाजवळ नेला, आणि बायकांच्या बाजूने एक म्हातारा आवाज फुटला, ‘‘नोको गं बाई, नोको खाऊ!’’ मग दोघी, मग दहा. पेढा साधा होता. गुणवंताने पेढ्यात काही घातलंच नव्हतं. इंदूने तो खाल्ला, हसली, मामाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात केसांवरून मानेपर्यंत आला तेव्हा समोरचा बैलवाला माणूस गुडघ्यावर उठून बसला होता. गुणवंत पडद्याकडे पाहायचं विसरला. तो माणसांकडे पाहात राहिला. जिथे त्याने लपवलं होतं तिथे ती जांभया देत होती, आणि जिथे मामा आणि भाची एका चौकटीत येत तिथे श्वास धरत होती. साऱ्या तंबूला माहीत होतं, फक्त एका पोरीला माहीत नव्हतं. नानांचा धापा टाकणारा आवाज त्याला कानाशी ऐकू आला. म्हातारा आयुष्यभर जे सांगत होता ते समोर तणसीवर बसलं होतं. त्याने नानांचा जिना उचलला होता, पाळणा उचलला होता, सावली उचलली होती, आणि मुख्य गोष्ट तिथेच टाकून आला होता. त्याला लाज वाटली. पण लाजेच्या खाली, छातीत, दुसरंच काही तरी हललं. काळजीने गळा दाटून यावा आणि तोंडाने काही बोलता येऊ नये, हे त्याच्या फार ओळखीचं होतं. ते तो नानांकडे शिकला नव्हता. त्याच्या फार आधीचं होतं ते.

सकाळी भागीरथाच्या घरी त्याने ताटात वालाच्या कोवळ्या शेंगांची भाजी पाहिली तेव्हा ते कुठलं ते त्याला उमगलं. भागीरथा त्याची मोठी बहीण, त्याच्याहून बरीच मोठी. तो पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायचा तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. ती चुलीपुढे बसून त्याच्याकडे पाहात होती. ‘‘खाऊन राह्यला का पाहून राह्यला?’’ म्हणाली. तो खाऊ लागला. दहा वर्षांचा होता तो तेव्हा. बापूजी आईला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून आले, आणि आल्या दिवशी त्याला खळ्यावर नेऊन, तणसीच्या ढिगामागे उभं करून म्हणाले, ‘‘तुही आई पुढचे धान पाहात नाई. तू आता मोठा हायेस. तिले सांगू नोको.’’ एवढं बोलून बापूजी बैलांना पाणी पाजायला गेले. नंतरचे सगळे दिवस गुणवंताला आजही घराच्या एका कोपऱ्यातून दिसतात. आई बसली आहे, वाकळ शिवते आहे, जुन्या लुगड्याचे काठ जुळवते आहे, आणि म्हणते आहे, ही तुझ्या बायकोला होईल. आई वालाचं बी राखेत घोळून गाडग्यात भरते आहे. मध्येच थांबून विचारते, ‘‘गुणवंता, औंदा वाल कोणत्या बांधीच्या पारीवर लावाचे रे?’’ त्याला पळून जावंसं वाटत होतं आणि तिच्याजवळून हलावंसंही वाटत नव्हतं. तो म्हणाला, ‘‘मोहाच्या बांधीवर.’’ घरापासून सगळ्यात लांबची धानाची बांधी तीच होती. तिथे पाहायला जावं लागणार नाही, म्हणून म्हणाला. आई म्हणाली, ‘‘बरं.’’ रोहिणी निघायच्या आत ती गेली. त्या हिवाळ्यात एकदा बैल चुकला म्हणून तो मोहाच्या बांधीकडे गेला, आणि साऱ्या पारीवर, बांधाच्या कडेने, वाल फुललेले होते. आधीच्या साली पडलेलं बी रुजलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. बैल न शोधताच तो घरी पळाला होता.

‘‘आणखी घे,’’ भागीरथा म्हणाली.

‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘आज संध्याकाळी पाहाले येजो.’’ कितीतरी वर्षांनी तोंडातून ती बोली आपोआप आली. ‘‘तुह्या भावाचा शिनेमा हाये.’’

‘‘येतो नं. साऱ्या गल्लीले माहीत हाये मामाचं. मीच तेवढी मागं राहू का?’’

तो हात धुऊन सरळ तंबूत गेला आणि नूर मोहम्मदला म्हणाला, ‘‘मला कात्री, पातं आणि फिल्म जोडायचं सोलुशन द्या.’’ नूर मोहम्मदने आधी ते मस्करीवर नेलं. मग गुणवंताने बाराव्या रिळाची पेटी उघडून फिल्म उन्हाला धरली तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं. ‘‘साहेब, माल कंपनीचा हाये! मले पेट्या जशाच्या तशा द्या लागते. तुमचं ठीक हाये, माह्या तंबूवर गदा येईल!’’ गुणवंत म्हणाला, ‘‘परत गेली तर तिच्या बांगड्याच होणार आहेत. आज चालली तर कुणी मोजायला येत नाही. नाही चालली तर मी लिहून देतो, मी कापली म्हणून.’’ आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यालाच नवल वाटत होतं. इतकी वर्षं नानांच्या मागे फिरताना, निर्मात्यांच्या दारात बसताना, त्याला नेहमी कुणाची तरी परवानगी हवी असायची. आज ती नको होती. नूर मोहम्मदने दाढी खाजवली, तंबूचा पडदा ओढून घेतला आणि स्वतःच पातं घेऊन बाजूला बसला. बाराव्या रिळात, पोलिसांसमोर मामा सगळं कबूल करतो तेव्हा मागची हकीकत दिसायची: मामा बाहेरून तार घालून मागल्या दाराची कडी सरकवतो, झोपलेल्या भाच्यावर वाकतो, आणि मग विहिरीवर बसून हात धुतो, पुन्हा पुन्हा धुतो. तेवढा तुकडा गुणवंताने काढला आणि पहिल्या रिळाच्या सुरुवातीला जोडला. संशयी नोकर गेला. भाडेकरू गेला. त्यांच्या चिवट कातडीसारख्या पट्ट्यांचा तणसीवर ढीग झाला. शेवटी जिन्याची सावली हातात आली. त्याने ती उजेडात धरली. एक एक चौकट, एक एक पायरी. वर्तमानपत्राने हीच वाखाणली होती, आणि आरोप केला होता तोही हिच्यामुळेच. सुंदर होती ती, आजही होती. ती नानांना परत द्यायला पाहिजे, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि त्याने कात्री चालवली. नूर मोहम्मदच्या तोंडून ‘‘या अल्ला’’ निघालं. त्याला तो जिना आवडायचा.

दुपारी लटारू रेंगी घेऊन निघाला तेव्हा गुणवंत चाकावर पाय ठेवून वर चढला. ‘‘भोंगा दे,’’ म्हणाला. लटारूने जरा नाराजीनेच दिला. बाजारात त्याच वांगीवाल्या बाईसमोर रेंगी आली, आणि गुणवंताने भोंगा तोंडाला लावला. ही एक गोष्ट लपवायला त्याने काय काय केलं होतं! नटांकडून शपथा घेतल्या होत्या, कागदपत्रं कुलपात ठेवली होती, बायकोलाही शेवट सांगितला नव्हता आणि ती आठवडाभर रुसली होती. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, ‘‘मामाच खुनी हाये हो! भाचीले माहीत नाई! या, पाहाले या!’’ वांगीवाली म्हणाली, ‘‘माहीत हाये, भाऊ. काल पाहाले गेली होती मी. आज पुन्हा येतो.’’ लटारूने त्याच्या हातातला भोंगा घेऊन, राहवलं नाही म्हणून, शेवटी वाघाचंही सांगून टाकलं.

दुसऱ्या संध्याकाळी तंबूच्या कनाती वर उचलून बाहेरही माणसं बसवावी लागली. भागीरथा दोरीला लागून बसली होती. गुणवंत आज मागे थांबला नाही. तो पुरुषांच्या बाजूला, दोरीच्या अलीकडे, तिच्या शेजारी तणसीवर बसला. विहिरीवरच्या हात धुण्यापासून चित्र सुरू झालं आणि त्यानंतर एकही शेंग फुटली नाही. इंदू हसली की बायका उसासे टाकत. मामा दिसला की पोरं आयांच्या पदरात शिरत. इंदू मामासाठी मफलर विणते, त्याचं माप घेण्यासाठी त्याला वाकायला सांगते. या प्रसंगावर तर कापताना गुणवंत हसला होता, इतका तो निरुपयोगी वाटला होता, पण राहून गेला. आता तो सहन होईना. सुया-लोकर घेऊन बसलेल्या त्या पोरीकडे पाहताना त्याला घराचा कोपरा दिसला, लुगड्याचे काठ दिसले, आणि तो मान खाली घालून तणसीची काडी मोडत राहिला. अकरावं रीळ संपलं. गॅसबत्ती लागली. लटारू पेटीवर चढला, पण त्याला बोलायची गरजच पडली नाही, लोकच एकमेकांना सांगत होते. नूर मोहम्मद घाम पुसत, माणसांवरून पाय टाकत गुणवंतापर्यंत आला आणि वाकून म्हणाला, ‘‘साहेब, पेट्या परत जात नाई. हंगामभर माह्याजवळ राहते. परवा आरमोरी.’’ गुणवंताने मान डोलावली. ज्यासाठी तो इतक्या दूर आला होता ते झालं होतं, आणि तरी त्याचं मन त्या मफलरवरून हललं नव्हतं.

‘‘त्या पोरीले माहीत हाये,’’ भागीरथा म्हणाली.

‘‘कोणाले?’’

‘‘इंदूले. मामाचं. तिले माहीत हाये.’’

‘‘नाई, बाई. तिले माहीत नाई, म्हणून तं सारं...’’

‘‘तू म्हणत असशील. मीनं तिचे डोळे पाह्यले नं, मफलर विणतानी. माहीत हाये तिले. समोरच्याले समजू नाई म्हणून विणते.’’ ती दोरीवर हात ठेवून पडद्याकडेच पाहात होती. पडदा पांढरा होता. ‘‘आपल्या आईवानी.’’

गुणवंताच्या हातातली काडी तशीच राहिली. ‘‘आईले माहीत नव्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘बापूजीनं फक्त मले सांगतलं होतं.’’

‘‘आईले पहिल्या दिवसापासून माहीत होतं,’’ भागीरथा म्हणाली. इतक्या वर्षांत हे सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नसावं, अशा आवाजात. ‘‘होळीले आली होती मी, तवा बोलली माह्याजवळ. म्हणे, पोराले माहीत हाये, न् त्याले वाटते मले माहीत नाई. मोठा जीव लावून लपवते. तू काही बोलू नोको, भागीरथा, पोराचं मन मोडंल. वालाचं गाडगं माह्या हातात देल्लं. म्हणे, गुणवंतानं जागा सांगतली हाये, मोहाची बांधी. पाणी पडलं का लावून येजो.’’

‘‘थे वाल...’’

‘‘मीनंच लावले नं, रे. दीड कोस चालत गेली होती, पोटुशी होती मी तवा. तुले काय वाटलं?’’

गॅसबत्ती विझली. इंजिनाने पुन्हा सूर धरला आणि बारावं रीळ सुरू झालं. संध्याकाळ झाली आहे, घरात कुणी नाही, मागल्या दारावर थाप पडते. इंदू मफलर खाली ठेवते. उठते. दाराकडे चालू लागते. हा चेहरा गुणवंताने कॅमेऱ्यातून पाहिला होता, कापताना पाहिला होता, काल या तंबूत पाहिला होता, आणि आज पहिल्यांदा पाहात होता. तो चेहरा शांत होता. इंदूने कडीवर हात ठेवला आणि सारा तंबू उठून उभा राहिला, ‘‘नोको उघडू, बाई! नोको उघडू!’’ गुणवंतही उभा राहिला होता. ती कडी निघणार हे त्यानेच लिहिलं होतं, त्यानेच ते दार लावलं होतं, तरी तो दोरी घट्ट धरून, दहा वर्षांच्या पोराच्या आवाजात, साऱ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता.